डोणीवरचं पाणी

उन्हाळा लागला की आमच्या कॉलनीला पाखरांचा पुळका येतो. शिमगा झाला, की भिंतीभिंतींवर मातीची भांडी दिसू लागतात. कोणी आंब्याच्या फांदीला वाडगी टांगतं, कोणी तिचा फोटो काढून सगळ्यांना पाठवतं. यवतमाळचं ऊन थट्टेतलं नाही. दुपारी साळुंक्या चोच उघडी टाकून उभ्या गाडीखाली बसलेल्या असतात, तेव्हा या भांड्यांना हसण्याचं काही कारण नाही, हे मलाही कळतं. तरी आमच्या भिंतीवर कधी भांडं नव्हतं. शेजारच्या बाईंनी एकदा नवंकोरं मातीचं भांडं आणून दिलं, तर मी त्याच्या बुडाला भोक पाडून त्यात पुदिना लावला. पुदिना छान आला. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

सुनेला वाटतं, म्हातारी चिकट आहे. चिकट मी आहेच. साबणाची उरलेली चिपटी नव्या वडीला लावल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण पाण्याचं कारण ते नाही. ऊन असं पांढरं पडायला लागलं आणि बाहेर कुठेतरी एखादा पंप ठुकठुक करू लागला, की मला क्रूड तेलाचा वास येतो. साठ वर्षं होऊन गेली या गोष्टीला. माणूस किती काय विसरतो. माझ्या लग्नातल्या शालूचा रंग मला आज विचारला तर सांगता यायचा नाही. तो वास मात्र जात नाही.

बोरी अरबच्या बाजूला, आडवाटेच्या एका खेड्यात मी सून म्हणून गेले. सासरी कापसाची काळी जमीन थोडी होती आणि बीड मोठं होतं. बीड म्हणजे राखलेलं गवताचं रान. पावसाळ्यात ते कमरेएवढं वाढे, दिवाळीनंतर पिवळं पडे, आणि वारा सुटला की सगळं रान एका अंगावर कलून पुन्हा सरळ होई. बीडाच्या मधोमध तलाव होता, आजेसासऱ्यांनी पाळ घालून अडवलेला, आणि त्याच्या भोवती पळसाची रांग होती. सासऱ्यांना मी मामाजी म्हणत असे. संध्याकाळी दूध काढून झालं की मामाजी काठी घेऊन तलावाच्या अलीकडे एका दगडावर जाऊन बसत. हरणं पाण्यावर येत, पीत, निघून जात, आणि मग हे घरी येत. एवढंच काम. सासूबाई गेल्यापासून ते असे जाऊ लागले, असं गावातल्या बाया सांगत.

कळपात एक मोठा काळवीट होता. त्याचं एक शिंग मुळाशीच वाकडं होतं. मामाजींनी त्याचं नाव सरपंच ठेवलं होतं. "सगळ्याइच्या पुढं चालते अन् काम काही करत नाई," म्हणत. रात्री जेवताना ते सरपंचाची खबर सांगत. आज लंगडत होता, आज तरण्या नरावर धावून गेला, आज पाणी प्याला नाही, नुसता उभा राहिला. नव्या नवरीशी सासऱ्याने बोलावं तरी काय, असा तो काळ होता. आम्ही दोघं त्या हरणाविषयी बोलत असू.

तेव्हा शिकारीला आजच्यासारखी बंदी नव्हती. बंदुकीचा परवाना असला आणि जमिनीच्या मालकाने होकार दिला, की गडी बीडात उतरे. तो होकार फुकट नसे. कोणी रोख देई, कोणी ज्वारीच्या राखणीला बंदूकवाला माणूस बसवून देई. शिवाय मारलेल्या जनावराचा मागचा एक पाय मालकाच्या घरी पोचवायचा, हा रिवाज. मामाजी दर वर्षी बीड देत नसत, आणि देत तेव्हा आधी अटी सांगत. छपरीत बसून, अडकित्त्याने सुपारी फोडत, अगदी सावकाश. "रोह्याले हात लावाचा नाई. मादीवर गोळी घालाची नाई. अन् तलावावर पाण्याले आलेलं जनावर माराचं नाई. पळसाच्या रांगेच्या आत बंदूक खांद्यावरून उतरली नाई पाह्यजे." रोही म्हणजे नीलगाय, तिला तर कोणी हात लावतच नसे. मादीचं समजण्यासारखं होतं. पण तलावाची अट ऐकून शहरातले लोक गालातल्या गालात हसत. हरीण सहज मिळायचं तर पाण्यावरच मिळणार. मग उरलेल्या मोकळ्या रानात त्याच्यामागे जीप पळवत बसायचं, म्हणजे होकार देऊन न दिल्यासारखंच. मामाजी त्यांना हसू देत आणि सुपारी पुढे करत. समोरच्याने ती उचलून तोंडात टाकली, की जबान झाली. कागद नसे, सही नसे.

आमच्या लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी यांनी संत्री लावली. यांना यवतमाळला कचेरीत नोकरी लागत होती, ती सोडून. मामाजींना ते पसंत नव्हतं. त्यांचं म्हणणं, संत्रं हे पाण्याचं झाड, आणि आपल्या विहिरीला पाणी आहे पण ते पार तळाशी. मोट ओढून ओढून बैल मरतील. मी यांच्या बाजूची होते. नुसती बाजूची नव्हे, मीच यांना भर दिली होती. यवतमाळला भाड्याच्या खोलीत राहायचं माझ्या जिवावर आलं होतं, आणि आपल्या दारासमोर आपली बाग, ही कल्पना मला फार आवडली होती. कलमं लावली, आळी केली, आणि त्या साली पोळ्यानंतर पाऊस आलाच नाही. दिवाळीपर्यंत बैलांच्या खांद्यांना मोटेने जखमा झाल्या. मी घागरी वाहू लागले. डोक्यावर चुंबळ, कमरेवर घागर, आणि एकेका आळ्यात तांब्याने मोजून पाणी. मामाजींनी यांना एवढंच सांगितलं, "या उन्हाळ्यात झाडं जगली तं शेती कर. नाई तं नोकरीची कागदं घे अन् यवतमाळले जा. मंग मले काही सांगू नको." हे हो म्हणाले. बापलेकांचं ठरलं. जगवायची होती ती झाडं माझीही होती, हे कोणी बोललं नाही.

तेव्हा हबीब मिस्त्री आला. दारव्ह्याला त्याचं इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं, आणि यांची त्याची शाळेपासूनची ओळख. उंच, हडकुळा, बोटांच्या पेरांत काळं तेल कायमचं मुरलेलं. बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगमधलं जुनं ऑइल इंजिन त्याने घेऊन ठेवलं होतं. ते तो आमच्या विहिरीवर बसवून देणार होता. बदल्यात त्याला बीड हवं होतं, अक्षय तृतीयेपर्यंत. त्याला शिकारीचा नाद होता, आणि दारव्ह्याच्या एका वकीलसाहेबांना त्याने काळविटाचा शब्द दिला होता. मौसमात काळवीट मिळाला तर इंजिन आमचं. मिळाला नाही तर तो इंजिन उचलून नेणार. "मले पण पोटपाणी हाये, पाटील," तो म्हणाला, "फुकट बसवून देनं परवडत नाई." यात लबाडी काहीच नव्हती. मामाजींनी अटी सांगितल्या, हबीब मिस्त्रीने सुपारी उचलली. मी दाराआड उभी होते. मला आनंद झाला, आणि तो लपवण्यासाठी मी उगाच चहाचं आधण चढवलं.

इंजिन सुरू झालं त्या दिवशी सगळं गाव विहिरीवर होतं. ठुक, ठुक, ठुक, आणि मग नळातून पाण्याचा एवढा मोठा लोळ पाटात पडला. मी हात धुवायच्या निमित्ताने त्यात मनगटं बुडवून बसले होते. इतकं पाणी एकदम, आणि त्यासाठी कोणाच्या खांद्याची कातडी सोललेली नाही.

हिवाळाभर हबीब मिस्त्री दर जुम्म्याला, नमाज आटोपून, वकीलसाहेबांच्या जीपमधून येत असे. आधी इंजिनाचा एकेक स्क्रू बघे, मग बंदूक काढे. बीडात लपायला जागा नव्हती. जीप दिसली की हरणं क्षितिजावर. पाऊस नसल्यामुळे बाकीचं रान सुकून गेलं होतं, आणि उरलेली सगळी जनावरं तलावाला धरून होती. पळसाच्या रांगेच्या आत ती खुशाल उभी राहत. हबीब रांगेबाहेर बंदूक खांद्यावर टाकून उभा राही आणि बघत बसे. एकदा वकीलसाहेब म्हणाले, कोण बघतंय, मार. हबीबने बंदुकीतली काडतुसं काढून खिशात टाकली आणि जीपमध्ये जाऊन बसला. हे मला यांनी सांगितलं. तो तितर घेऊन जाई, कधी ससा. तितराचा मागचा पाय पाटलाला द्यायचा का, अशी थट्टा करी. आम्ही हसायचो. पण अक्षय तृतीया जवळ येत होती, आणि आमच्या हसण्यात काळजी होती.

माघ संपता संपता तलाव आटून मध्ये गढूळ डबकं उरलं. म्हशींनी त्याचा चिखल केला. हरणं मग आमच्या पाटाकडे येऊ लागली. इंजिनाचा आवाज झाला की पाणी येतं, हे त्यांना आठवड्याभरात कळलं. पाणी पिता पिता ती आळी तुडवत, कलमांचे शेंडे खुडत. राखण करावी तर किती. मला एक युक्ती सुचली. क्रूड तेलाचा एक रिकामा ड्रम विहिरीवर पडला होता. मी हबीब मिस्त्रीला म्हटलं, हा मला मधोमध उभा कापून द्या. त्याने विचारलं, "कायले पाह्यजे भाभी?" मी म्हटलं, जनावरांना पाणी ठेवायला. त्याने छिन्नी-हातोड्याने तो कापला, धारेला कानस मारली, कोणा जनावराचं तोंड कापू नये म्हणून कडा आत वळवून दिल्या. आम्ही तो अर्धा ड्रम कुंपणाच्या बाहेर, बीडाच्या तोंडाशी मांडला आणि पाटाचा एक फाटा त्यात सोडला. घरात त्याला डोणी म्हणू लागले. सूनबाईची डोणी.

मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. झाडंही वाचली आणि तहानेल्या जिवांना पाणीही मिळालं. शिवाय त्या बीडावर बंदूक फिरते आहे ती आपल्या इंजिनासाठी, हे मनात कुठेतरी टोचत होतं, त्यावरही जणू फुंकर घातल्यासारखं झालं. दया आणि सोय मी एकाच डोणीत भरली होती. मामाजींनी तलावावरचा आपला दगड सोडला आणि आमच्या विहिरीच्या धावेवर, पूर्वी मोटेचे बैल चालत त्या उतारावर, येऊन बसू लागले. तिथून डोणी दिसे. "सरपंचानं डोणीची पाहणी केली," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "पसंत हाये म्हणते." ते माझ्यावर इतके खूश मी आधी कधी पाहिले नव्हते.

त्या वर्षी शिमगा आणि रमजान एकमेकांत गुंतून आले. रोजे होते तोवर हबीब मिस्त्री फक्त इंजिनापुरता येई, तोंड कोरडं, आणि पाण्याच्या लोळाकडे पाठ करून काम करी. ईद झाली आणि तो डब्यात शिरखुर्मा घेऊन छपरीत आला. डबा त्याने माझ्यासमोर ठेवला. मामाजी होते, हे होते. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पाटील, एक गोष्ट इचाराची हाये. सारा मौसम गेला. वकीलसाहेब मले हसून राह्यले. तुमची जबान तलावाची होती, ते मी पाळली. आता हरणं डोणीवर येतात. डोणी पळसाच्या रांगेच्या बाहीर हाये. तिथं बसलो तं चालते का?"

मामाजींच्या हातातला अडकित्ता थांबला. ते यांच्याकडे बघत राहिले. हे डब्याकडे. शेवटी मामाजी म्हणाले, "डोणी माही नाई, मिस्त्री. सूनबाईची हाये. तिले इचारा."

त्या घरात माझं मत कोणी पहिल्यांदाच विचारलं होतं. बाहेर कलमांना नवी पालवी फुटलेली दिसत होती, पोपटी, ओली, माझ्या बोटाएवढी. अजून सगळा चैत्र जायचा होता, सगळा वैशाख. मला इंजिन बैलगाडीवर चढताना दिसलं. पाटाला भेगा दिसल्या. यवतमाळची खोली दिसली. आणि खरं सांगायचं तर सरपंचही दिसला, पण तो सगळ्यांच्या मागे दिसला. मी पदर सारखा केला.

"जबान तलावाची होती," मी म्हटलं. "डोणीची नव्हती."

हबीब मिस्त्री क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, अजून काही बोलेन म्हणून. मग म्हणाला, "ठीक हाये, भाभी." मामाजींनी सुपारीची खांडं आपल्या पानाच्या डब्यात परत टाकली. कोणालाही न देता.

पुढच्या जुम्म्याला दुपार कलल्यावर नेहमीसारखं इंजिन सुरू केलं. हबीब मिस्त्रीनेच यांना सांगितलं होतं, इंजन रोजच्यासारखं चालू राहू द्या. तो आणि वकीलसाहेब इंजिनाच्या झोपडीत बसले होते, तुराट्यांच्या कुडामागे. मी बागेच्या दुसऱ्या टोकाला फावड्याने पाणी वळवत होते. मला तिथे असायचं काही कारण नव्हतं. घरी बसले असते तर बरं झालं असतं, किंवा बसवलं नसतं तेही खरं. पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात जात होतं. ऊन उतरत होतं. मी मनात म्हणत होते, येऊ नका. आणि लगेच दुसरं मन म्हणत होतं, या आणि सुटू द्या एकदाचं. हे दुसरं मन माझंच होतं, दुसऱ्या कोणाचं नव्हतं.

एकच आवाज झाला. कावळे उडाले. इंजिन ठुकठुक करतच होतं, त्याला काय. मी फावडं टाकून कुंपणापाशी धावले. कळप लांब गेला होता, धूळ तेवढी दिसत होती. डोणीपाशी तो पडला होता, वाकड्या शिंगावर मान टेकून. पाय हलत होते. हबीब मिस्त्री झोपडीतून सुरी घेऊन पळत आला. जीव असेतो सुरी लागली नाही तर ते मांस त्यांना चालत नाही. पण जवळ येऊन तो थांबला, सुरी दातांत धरली, आणि दोन्ही हातांची ओंजळ डोणीत बुडवली. ते पाणी त्याने काळविटाच्या तोंडाला लावलं. सुरी फिरवण्याआधी जनावराला पाणी पाजायचं, ही त्यांच्यातली रीत. त्याची जीभ हलली. प्यालं की नाही, मला सांगता येणार नाही. बरंचसं पाणी मातीतच गेलं. मग हबीबने सुरी हातात घेतली, अल्लाचं नाव घेतलं, आणि मी तोंड फिरवलं.

कोणतीही अट मोडली नव्हती. तो नर होता. रोही नव्हता. पळसाची रांग लांब होती. पाणी माझंच होतं, इंजिनाने उपसलेलं, मी सोडलेलं. मला तेव्हापासून अटी पाळणाऱ्या माणसांची भीती वाटते, आणि त्यात पहिला नंबर माझा.

संध्याकाळी पाय घरी आला, पळसाच्या पानांत गुंडाळून, सुतळीने नीट बांधलेला. आमच्याकडे असला स्वयंपाक अंगणातल्या चुलीवर व्हायचा, वेगळ्या गंज-पातेल्यात. मी पाट्यावर खोबरं-खसखस वाटलं. हात थरथरत होते असं लिहिलं तर बरं दिसेल, पण ते थरथरत नव्हते. मसाला नेहमीसारखा बारीक वाटला गेला. यांना वाढलं. मामाजींचं ताट घेतलं तर ते म्हणाले, "मले भूक नाई, माय. ताक दे." एवढंच. मग मी आत जाऊन जेवले. चव चांगली होती. हे एक वाक्य लिहायला मला फार वर्षं लागली आहेत.

दुसऱ्या दिवशी मामाजी धावेवर बसायला गेले. इंजिन लागलं. हरणं आली नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मग ते जुन्या दगडावर, तलावाकडे गेले. तिथेही कोणी नव्हतं. आजेसासऱ्यांच्या काळापासून पाण्यावर कोणी मारत नाही, हे त्या जनावरांना कोणी सांगितलं नसेल. पण त्यांना ठाऊक होतं. पळसाची रांग आम्हाला ठाऊक होती, त्यांना नव्हती. त्यांना पाणी आणि पाणी सारखंच. मामाजी अंधार पडायच्या आत घरी आले, काठी कोपऱ्यात ठेवली, आणि त्यानंतर संध्याकाळी ते छपरीतच बसू लागले. रात्री जेवताना सांगायला काही उरलं नाही. आम्ही भाजीत मीठ कमी-जास्त, यावर बोलू लागलो.

मला त्यांनी रागे भरायला हवं होतं. मी वाट बघत होते. पुष्कळ दिवसांनी, मी गोठ्यात शेण भरत असताना, ते दाराशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "तुह्या अंगावर म्या टाकलं ते, माय. मालक मी होतो. तुले कायले इचाराले लावलं, कोण जाणे." मी म्हटलं, "मामाजी, मी नाही म्हणू शकत होते." ते म्हणाले, "मीबी." आणि गाईच्या पाठीवर हात फिरवून निघून गेले.

अक्षय तृतीयेला हबीब मिस्त्री इंजिन बघायला आला. आता ते आमचं होतं. तरी त्याने वॉशर बदलला, तेल घातलं. मी चहा नेऊन दिला. कप हातात घेऊन तो बराच वेळ डोणीकडे बघत बसला. डोणीत पाणी होतं, हिरवट, कोणी न प्यालेलं.

"भाभी," तो म्हणाला, "मले वाटलं होतं तुमी नाई म्हणान."

मी पायाशी पडलेला जुना वॉशर उचलला.

"वकीलसाहेबाले मी जबान देऊन बसलो होतो. मले मांगं फिरता येत नव्हतं. तुमी नाई म्हटलं असतं तं मले रस्ता भेटला असता. मनून तं इचारलं."

"आणि इंजिन?" मी विचारलं.

"इंजनाचं पाह्यलं असतं काही तरी." त्याने चहा संपवला, कप विसळून पालथा घातला. "इचाराले नव्हतं पाह्यजे मी. सोडा."

पुढच्या वर्षी त्याने बीड मागितलं नाही. इंजिनाला मात्र येत राहिला, कितीतरी वर्षं, हाक मारली की सायकलवर टांग टाकून. ते विहिरीवर त्याच्या हाताखाली कधी बंद पडलं नाही.

संत्री जगली. चांगली जगली. बहार आला की गावाच्या वेशीपर्यंत वास यायचा. मुलांची शिक्षणं त्या बागेवर झाली, यवतमाळचं हे घर बागेवर झालं, मोठ्याच्या लग्नात पाहुण्यांना टोपल्या भरून संत्री दिली. पाहुणे आले की हे ती गोष्ट सांगत, इंजिन कसं मिळालं त्याची. हे रंगवून सांगत, वकीलसाहेबांची नक्कल करत, आणि लोक पोट धरून हसत. "आमच्या हिच्या डोणीनं बाग वाचवली," असा तिचा शेवट असे. मी आत जाऊन पाणी आणत असे, सगळ्यांसाठी, ट्रेमधून. यांना मी कधी अडवलं नाही. गोष्ट खोटी नव्हती.

पुढे शिकारीवर बंदी आली. बीडही मोडलं, आधी आम्हीच बागेसाठी थोडं नांगरलं, मग दुसऱ्यांनी. तलावात गाळ भरला. हरणं म्हणे आता पार तिकडच्या माळाला दिसतात कधीमधी. रोही मात्र वाढले, शेतकरी त्यांच्या नावाने बोटं मोडतात. हे गेल्यावर वाटणीच्या कामासाठी एकदा गावी गेले होते. डोणी उकिरड्याजवळ पालथी पडली होती, गंजून चाळण झालेली. कडा तेवढ्या तशाच आत वळलेल्या होत्या, बोट फिरवलं तरी न कापणाऱ्या.

यंदा सुनेने मला न विचारता भिंतीवर भांडं ठेवलं. घर आता तिचं आहे. पहिले दोन दिवस मी तिकडे पाहिलंही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पडदा सारायला उठले, तर एक साळुंकी भांड्याच्या काठावर, आणि खाली मोगऱ्याच्या कुंडीमागे शेजारची भुरी मांजर. पोट जमिनीला लावून. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. तिनेही भांडं शोधलं होतं. तिलाही कोणी मनाई केली नव्हती.

तेव्हापासून दुपारी मी भिंतीपाशी खुर्ची टाकून बसते, मांडीवर काठी. सून वैतागते. काल म्हणाली, "आई, पाखरांना पाणी ठेवायचं असतं. त्याची राखण करत नाही कोणी. ऊन लागेल, आत चला." मी म्हटलं, "तू पाणी ठेवलंस ना? मग कोणीतरी बसायला नको?" ती हसली आणि माझ्या डोक्यावर ओला पंचा टाकून गेली. चांगली पोर आहे. तिला मी अजून हे काही सांगितलेलं नाही.

साळुंकी येते. लगेच पीत नाही. आधी कुंडीकडे बघते, मग माझ्याकडे. तिला मांजरीची जेवढी भीती वाटते तेवढीच माझी वाटते, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. मी खुर्ची हळूच मागे घेते, काठी पदराखाली झाकते, आणि ती पिऊन उडेपर्यंत उठत नाही.